जांभळ्या उजेडातली वेचणी

३ ऑक्टोबर, शनिवार

आलो एकदाचा. पेल्टन हिलमधलं हे घर लहान आहे, छप्पर डागडुजीला आलंय, पण पुढे ऐसपैस अंगण आणि अंगणाला गुडघाभर उंचीची दगडी भिंत. मागे टेकडी आहे, ती खरं तर बंद पडलेल्या जस्ताच्या खाणीतल्या टाकाऊ दगडांचा ढीग. भिंतीचे दगडही तिथलेच. सोमवारपासून शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या. कॅरिनपासून वेगळा झाल्यापासून इतकं मोकळं पहिल्यांदाच वाटतंय.

शेजारच्या बोडनारबाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण जीभ कात्रीसारखी. ट्रकमधून उतरवलेली खोकी बघून त्यांनी विचारलं, एकट्या पुरुषाला एवढी भांडी कशाला रे, बायको पळाली की तू? मी म्हटलं, दोघंही, वेगवेगळ्या दिशांना. बाई खूप हसल्या. त्यांच्या दोरीवरच्या चादरी मात्र इतक्या पिवळट की त्यांना चांगल्या साबणाचा खोका भेट द्यावा.

एकतीस तारखेला डेला येणार. सात वर्षांची माझी पोरगी, आणि माझ्या घरचा तिचा पहिला हॅलोविन. अंगण असं सजवीन की पुढच्या वर्षी स्वतःहून हट्ट धरेल, बाबाकडेच जायचं म्हणून.

१० ऑक्टोबर, शनिवार

अतिनील एलईडी दिवे आले. चार भिंतीकडे तोंड करून जमिनीत रोवले, दोन ओसरीच्या कठड्याला बांधले. दिवेलागणीला बटण दाबलं आणि मीच खुळ्यासारखा टाळ्या वाजवत बसलो. दिव्यांचा स्वतःचा उजेड जेमतेम, मंद जांभळा. पण झाडावर टांगलेल्या पांढऱ्या चादरींची भुतं निळसर पेटली, प्लास्टिकचा सांगाडा झळाळला, आणि ज्याची कल्पनाही नव्हती ते झालं: भिंतीतले कितीतरी दगड हिरवे आणि निखाऱ्यासारखे लाल चमकायला लागले. डेलाला फोनवर दाखवलं तर ती किंचाळली. तिला जेलीफिश व्हायचंय. जांभळ्या उजेडात चमकणारा रंग तिला आजच पाठवला, एक डबा मला ठेवला.

आमच्या रस्त्यावर बाकी सगळीकडे नुसते भोपळे, आत मेणबत्ती. किती नीरस लोक.

१२ ऑक्टोबर, सोमवार

बोडनारबाई आल्या होत्या. केक नाही, हसणं नाही. म्हणाल्या, ते जांभळे काढ, भोपळे मी देते. मी म्हटलं, मावशी, यंदा सजावटीचं बक्षीस हातचं जाणार म्हणून भीती वाटते का? त्या म्हणाल्या, इथे पोरांच्या तोंडाला कोणी रंग लावत नाही, पांढरं काही घालत नाही, तू कपडे कशात धुतोस? मला काही कळेना. घरी बनवलेल्या साबणाच्या दोन वड्या ओसरीवर ठेवून गेल्या.

१७ ऑक्टोबर, शनिवार

भिंतीतून दगड गेलेत. जे चमकत होते तेवढेच. त्यांच्या जागी कोनाडे राहिलेत, आणि साधे करडे दगड कोणीतरी बाजूला ढिगाला टाकलेत. असे दगड जमवणारे हौशी लोक या भागात पुष्कळ, बसगॅरेजमधले सांगत होते. पण मी दिवसभर घरीच होतो आणि कालपर्यंत भिंत शाबूत होती. रात्रीतून, आवाज न करता?

१९ ऑक्टोबर, सोमवार

एक चादर गेली. तिच्यातला बांबू, दोरी, आतली काळी टोपी, सगळं त्याच ढिगावर टाकलेलं. चमकणारं तेवढं नेलं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

जेवून ओसरीवर बसलो होतो. वारा नव्हता. सांगाड्याच्या छातीवर एक काळा डाग दिसला. डाग नव्हता. हात होता. हात चमकत नाही, दिसतही नाही, मागचं चमकणं झाकलं जातं तेवढाच कळतो. पाच बोटं. त्यांनी सांगाडा चाचपला, उलटापालटा केला, उचलला. मग सांगाडा स्वतःच चालत असल्यासारखा टेकडीकडे गेला आणि विझला.

मी प्यालो नव्हतो. हे लिहून ठेवतो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

दिवे बंद केले. फार मोठी चूक. अंधार झाला आणि थोड्याच वेळात दाराची कडी कोणीतरी हातांनी पाहू लागलं. मग खिडकीची काच. मग आत, स्वयंपाकघरात, कपबश्या एकेक करून चाचपल्या जाण्याचा आवाज. मी कोपऱ्यात उभा. गार, खरबरीत, दगडाच्या धुळीचा हात माझ्या कपाळावरून, डोळ्यांवरून, ओठांवरून सावकाश उतरला. कसाबसा भिंतीवर हात मारला आणि ओसरीचे दिवे लावले. हात गेला.

अजूनही ओठांवर धूळ आहे असं वाटतं. मला फार भीती वाटते.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

बोडनारबाईंनी सांगितलं. त्यांचे वडील खाणीच्या वेचणीच्या शेडमध्ये होते. अंधारी शेड, वर असाच जांभळा दिवा, पट्ट्यावरून दगड येत. काम एकच: चमकेल ते उचल, बाकीचं टाक. एका पाळीला टेकडी घसरली, शेड पुरली गेली, दिवा विझला. माणसं बाहेर काढलीच नाहीत. त्यांची पाळी अजून संपलेली नाही. उजेड दिसला की वेचतात, उजेड गेला की चाचपतात, आणि चाचपताना काय चमकतं ते कळत नाही म्हणून हाताला लागेल ते नेतात. म्हणून एकदा लावलास ना, आता विझवू नकोस, पोरा.

मी विचारलं, मग संपते कधी? चांगला मोठा तुकडा मिळाला की, म्हणाल्या. त्या लहान असताना कोण्या मास्तरांनी असाच दिवा लावला होता. बाईंच्या धाकट्या भावाचा सदरा नवा, पांढराशुभ्र होता.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

चादरी संपल्या. भिंत संपली. आता ओसरीच्या पायऱ्यांशी येतात.

कॅरिनला फोन केला. आणू नकोस तिला, अंगणात काहीतरी आहे. ती हसत सुटली. वा, या वेळी मन लावून घाबरवतोयस, डेलाला हेच तर हवंय. मी रडलो तर म्हणाली, नाटकात जायला हवं होतंस.

३१ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

वाटेतच गाठून परत पाठवीन म्हणून ट्रककडे गेलो. पुढची जाळी फाडलेली, रेडिएटर उपटून नेलेला. त्यातलं हिरवं पाणी. ते चमकतं. मी मेकॅनिक असून मला हे सुचू नये —

कॅरिन फोन उचलत नाही. डोंगरातल्या रस्त्याला लागली असेल.

संध्याकाळ

उशीर केला त्यांनी. अंधार पडतानाच आल्या. मी हात हलवत धावलो, कॅरिनला वाटलं स्वागत आहे, भोंगा वाजवला, डेलाला उतरवून रात्रपाळीसाठी गाडी वळवली. गेली.

डेलाचं तोंड, मान, हात, केस. सगळं रंगवलेलं. ओसरीच्या उजेडात ती निळी-हिरवी पेटली आणि गोल फिरून म्हणाली, बाबा, कशी दिसते? मागे, तिच्या चमकण्याच्या कडेला, एक बोट —

उचलून आत. पाणी, तेल, बोडनारबाईंचा साबण. रंग बराच निघाला. सगळा नाही. नखं चमकतात. दात चमकतात. दात कसे धुऊ?

नंतर

बाई मागच्या दारानं आल्या. पिवळट चादर आणली. डेलाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. त्या चादरीचा कणही चमकत नाही. बाजारच्या साबणातली पांढरेपणाची पूड चमकते, बाईंच्या साबणात ती नसते, आता कळलं. तिला धरून त्यांच्या घरी न्यायला निघाल्या. डेलाला मी सांगितलं, हा खेळ आहे, तोंड मिटून बसायचं. तिनं मान हलवली. मी तिचा पापा घेतला, चादरीवरूनच.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा रंगाचा डबा त्यांना दिसला होता. माझ्या गालावर हात ठेवला.

ओसरी

रंग तोंडाला लावला. हातांना. सदऱ्याला. दिव्याखाली बसलो. वहीचं पानही चमकतंय, अक्षरं काळी.

पायऱ्यांवर आहेत. माझ्या गुडघ्यावर काळी बोटं. थंड. बघतायत. अजून उचलत नाहीत —

थांबले. वळले. का वळले —

बाईंच्या खिडकीत. पडदा सरकलाय. डेला. मला शोधतेय. मी दिसलो तिला. हसतेय. अंधारात नुसते दात —

नाही. इकडे. उरलेला डबा डोक्यावर —

वळले. सगळे इकडे. खूप हात. चांगला मोठा तुकडा आहे मी, घ्या —

डेला, हसू नकोस बाळ, तोंड मिट, बाबा दिसेनासा झाला तरी तोंड मिटून —