हिरवा काठ

मंगळवार, दिवेलागणीनंतर

हे डाळिंबाच्या सौद्यासाठी दुबईला गेले आणि पोचताच फोन केला, बॅग विमानात हरवली. चार दिवस झाले, मी गोड सोडलंय. बॅग मिळू दे म्हणून खंडोबाला नारळ कबूल केला. परक्या मुलखात पटकन ओळखू यावी म्हणून मुठीला जुन्या साडीचा हिरवा काठ मीच बांधला होता ना!

आज डाळजला नणंदेकडं गेले, तर माळ्यावर तोच हिरवा काठ. बॅगेसकट.

"वैनी, दादा जाताना हितंच ठेवून गेला. म्हणला, चार लोकांत असली बॅग कशी न्यायची? नवी घेतली त्यानं. बॅगेतली तुमची चटणी मातूर लई झ्याक हाय!"

एवढी लाज वाटत होती तर मला सांगायचं. मी रागावले असते का? असते बहुतेक. पण म्हणून खोटं?

आत्ता यांचा फोन आला. "बॅगेचा पत्ता न्हाय गं अजून. तुझ्या चटणीची लई आठवण येती."

"मिळंल," एवढंच म्हटलं मी.

काठ सोडून आणलाय. दाराच्या कडीला बांधलाय, येताना दिसेलच. उद्या नारळ फोडीन. देवानं तरी शब्द पाळला.