चौदा नंबरचा थांबा

४ मार्च, मंगळवार

नगरसेवक होऊन दीड महिना झाला आणि आज पहिल्यांदा ओरडलो! तेही दुसऱ्याच्या घरात.

रस्त्यापलीकडच्या पालिकेच्या वसाहतीत टेलरबाई राहतात. हिचे सगळे कपडे त्याच शिवायच्या. परवा बससाठी रस्ता ओलांडताना त्यांना मोटरसायकलवाल्याने उडवलं. उजवा घोटा मोडला. मशीन पायाचं. म्हणजे सहा आठवडे कमाई बंद.

विचारपूस करायला गेलो. खोलीत सात-आठ शेजारी. बाई पाय उशीवर ठेवून हातानेच काजं करत होत्या. "या भाऊजी. चहा टाका गं कोणीतरी." ही त्यांची ताई, म्हणून मी भाऊजी. ही जाऊन आठ महिने झाले, तिच्या रिकाम्या जागेवर मी निवडून आलो, नातं तसंच चालू आहे.

चौदा नंबरची बस पूर्वी वसाहतीच्या दारात थांबायची. चार वर्षांपूर्वी कोणा शहाण्याने तो थांबा उचलला आणि पुढच्या चौकातून वळून बस परत येते तिथे, रस्त्याच्या आमच्या बाजूला आणून ठेवला. बस तीच. फक्त एक वळण उशिरा. तेव्हापासून एक्केचाळीस घरं चार पदरी रस्ता जीव मुठीत धरून ओलांडतात.

म्हटलं, थांबा परत आणतो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बाईंच्या पायाकडे नजर गेली आणि तोंडातून निघालं — "ज्याने हलवला त्याचं नाव भर सभेत वाचून दाखवीन!"

मला वाटलं होतं लोक खूश होतील. एकजण खिडकीबाहेर बघायला लागला. एकीला अचानक चहा आठवला. बाई म्हणाल्या, "थांबा तेवढा आणा भाऊजी. नाव कशाला?"

भली माणसं. पाय मोडला तरी कोणाला दोष देणार नाहीत.

५ मार्च, बुधवार

लेकीचा सकाळी सात वाजता फोन. "बाबा, तुम्ही ओरडलात म्हणे?"

दुसऱ्या गावात राहते, पण बातमी माझ्याआधी तिच्याकडे! म्हटलं, जरा आवाज चढला. तर हसतच सुटली. "लहानपणी मी प्रगतिपुस्तक लपवलं तेव्हासुद्धा तुम्ही फक्त चष्मा पुसला होतात."

बरं वाटलं तिचं हसणं ऐकून. फोन ठेवल्यावर चष्मा पुसला.

७ मार्च, शुक्रवार

पालिकेत गेलो. ठराव मांडायचा तर थांबा हलवल्याची मूळ फाइल जोडावी लागते. हेडक्लार्कना मागितली.

"साहेब, ती जुन्या इमारतीत असणार."

"मग आणा."

"किल्ली शिपायाकडे."

"शिपाई कुठाय?"

"रजेवर. सासू आजारी आहे."

"परत कधी येणार?"

"ते आता सासूवर आहे."

हे सगळं माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघून. मी बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली काही चिकटवलेलं असलं की दुकानदार असाच बटणाकडे बघतो. हा माणूस कोणाला तरी पाठीशी घालतोय.

आणखी कामं — मागच्या गल्लीत गतिरोधक. अर्धी गल्ली म्हणते हवा, अर्धी म्हणते कंबर मोडते. मी सुचवलं, उंची मोजू या. सहा इंच निघाली. चार करायची ठरली. दोन्ही अर्धे नाराज, म्हणजे बरोबर झालं असावं.

१० मार्च, सोमवार

सापडला! मेडिकलवाला!

आमच्या इमारतीखाली त्याचं दुकान. थांबा आला आणि त्याच्या पायऱ्यांवर उभं राहायला जागा उरली नाही. बसची वाट बघता बघता लोक खोकल्याचं औषध घेतात. आमच्या इमारतीत बाकी सगळे गाडीवाले, मी निवृत्त होईपर्यंत त्या थांब्यावर आमच्यातला एकटाच असायचो. मग थांबा आणला कोणी? फायदा कोणाचा झाला ते बघावं.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या मुद्दाम बाजारातल्या दुकानातून आणल्या. जाऊन-येऊन पाऊण तास. परत येताना त्याने हटकलंच. "काका, गोळ्या संपल्या असतील ना?"

"संपल्या," म्हटलं आणि ताठ मानेने जिना चढलो. पहिल्या मजल्यापर्यंत तत्त्वाने साथ दिली. पुढे कठड्याने.

११ मार्च, मंगळवार

हिचा फोन मी बंद केलेला नाही. प्रभागातले लोक त्यावरच करतात. आज एक आजी — "मॅडम आहेत का?"

"नाहीत."

"कधी भेटतील?"

काय सांगणार? म्हटलं, "काम सांगा, मी लिहून घेतो." नळाला पाणी कमी येतं. लिहून घेतलं.

१३ मार्च, गुरुवार

टेप आणि घड्याळ घेऊन रस्ता मोजला. दुभाजकासकट सोळा मीटर. वसाहतीतले आजोबा ओलांडायला सव्वीस सेकंद घेतात. दोन गाड्यांमध्ये सकाळी मोकळे मिळतात नऊ सेकंद. हे आकडे ठरावात घालणार. थांबा परत, आणि चौकात झेब्रा पट्टे व चालणाऱ्यांसाठी सिग्नल.

दुभाजकावर उभा राहून लिहीत होतो तर वसाहतीच्या खिडकीतून टेलरबाईंचा आवाज — "भाऊजी, मोजा हवं तेवढं, पण आधी फुटपाथवर या! एक पाय मोडलाय तेवढा पुरे!"

गेलो निमूटपणे. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. "नाव वाचणारच का?"

"वाचणार. शब्द दिलाय."

"कोणाला? आम्ही कुठे मागितला?"

चहा प्यालो.

१७ मार्च, सोमवार

सासू बरी. शिपाई हजर. किल्ली हजर. आता म्हणे कुलूप गंजलंय!

२० मार्च, गुरुवार

हेडक्लार्कना सांगितलं, मंगळवारी सभा आहे, सोमवारी मी स्वतः तेलाची बुधली घेऊन येतो.

ते म्हणाले, "साहेब, एक बोलू? मॅडमना फाइल सापडत नाही म्हटलं की त्या समजायच्या."

"मी समजत नाही."

"हो. तेही मॅडम सांगायच्या."

आणि चक्क हसले. मलाही हसू आलं, पण तोंड कडक ठेवलं.

२४ मार्च, सोमवार

बुधलीची गरज पडली नाही. फाइल त्यांच्या टेबलाच्या खणात होती. दोन्ही हातांनी पुढे केली. "मॅडमना शब्द दिला होता साहेब. बसून वाचा." आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

पहिल्याच पानावर हिचं अक्षर. 'च' ला शेपूट काढायची सवय होती.

'रस्त्याच्या उत्तर बाजूस राहणारे एक नागरिक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे रस्ता ओलांडू शकत नाहीत. नोकरीवर जाण्यास ते चौदा नंबरच्या बसवर अवलंबून आहेत. तरी सदर थांबा समोरच्या बाजूस हलवावा.' खाली सही, नगरसेविका.

एक नागरिक! पस्तीस वर्षं संसार केला आणि मी एक नागरिक!

आता सगळं आठवतंय. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा काठी टेकत गॅलरीत आलो, तर खाली थांबा. मी म्हटलं, "अगं, बस आपल्या दारात! कोणाचं डोकं चाललं म्हणायचं?" ही कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "असेल कोणीतरी रिकामटेकडं." मी दोन वर्षं त्या थांब्यावरून कामावर गेलो, निवृत्त झालो. एकदाही विचारलं नाही. तिचं काम बाहेरच्या खोलीत चालायचं, मी आतल्या खोलीत पेपर वाचायचो.

तिचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदाच. एका माणसासाठी एक्केचाळीस घरं रस्त्यावर काढली! टेलरबाईंचा घोटा माझ्या गुडघ्यापायी मोडला. आणि मी तिथेच, त्यांच्याच उशीशी उभा राहून गर्जना करतोय.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, थांबा परत आणा की झालं. नाव कोण विचारणार आहे?"

"मी."

"आईचं नाव खराब होईल."

हेच मलाही वाटतंय. पण मी बत्तीस वर्षं लोकांची वजनं तपासली. घरचं माप सोडून देता येत नाही.

मेडिकलवाल्याचंही वाईट वाटतंय. चौदा दिवस तोंड फिरवून गेलो त्याच्यापुढून.

२५ मार्च, मंगळवार

सभा. आमचा विषय नववा. तोपर्यंत तीन ग्लास पाणी प्यालो.

उभा राहिलो. आधी आकडे वाचले — सोळा मीटर, सव्वीस सेकंद, नऊ सेकंद. मग पहिलं पान वाचलं. आवाज बरा लागला. शेवटी म्हटलं, "अर्ज करणाऱ्या या प्रभागाच्या त्या वेळच्या नगरसेविका, माझी पत्नी. अर्जातले एक नागरिक आपल्यासमोर उभे आहेत. तिच्या वतीने आणि माझ्या वतीने वसाहतीची माफी मागतो."

समोरच्या बाकावरचे विरोधी सभासद प्रत्येक विषयाला हरकत घेतात. त्यांनीसुद्धा नुसता हात वर केला. ठराव एकमताने मंजूर. पट्टे आणि सिग्नलसकट.

मी खाली बसतोय तोच मागून, पाहुण्यांच्या खुर्च्यांतून आरोळी. टेलरबाई! प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. "अर्धंच वाचलंत भाऊजी! पान उलटा!"

अध्यक्षांनी घंटी वाजवली. "शांतता राखा. विषय दहावा, गटारांची झाकणं."

"झाकणं राहू द्या हो! त्यांना पान उलटायला सांगा!"

सगळी सभा हसायला लागली. माझे कान तापले. आणखी काही वाचायचं त्राण नव्हतं. फाइल पिशवीत घातली आणि मागच्या दाराने निघालो. बाईंच्या नजरेला नजर देणं जमलंच नसतं.

येताना मेडिकलमध्ये शिरलो. गोळ्या मागितल्या. लागत नव्हत्या, तरी.

"रागावला होतात ना काका?"

"हो."

"काय झालं होतं?"

"माझा हिशोब चुकला होता. बरोबर केला."

त्याला काही कळलं नाही. पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "जिना सावकाश चढा."

२६ मार्च, बुधवार

सकाळी पान उलटलं.

अर्जाला टाचलेला दुसरा कागद. वहीतून फाडलेला, कडेला शिवणाची मापं लिहिलेला.

'साहेब निवृत्त होईपर्यंत थांबा समोर नेण्यास वसाहतीची हरकत नाही. ताई आमच्याकडे विचारायला आल्या होत्या. आम्ही सांभाळून रस्ता ओलांडू. फक्त साहेबांना कळू देऊ नये. ते संकोची आहेत. कळलं तर बस सोडून चालत जातील.'

खाली एक्केचाळीस सह्या. पहिली टेलरबाईंची.

मी निवृत्त झालो त्याच महिन्यात हिचा आजार निघाला. मग थांबा परत मागायला आमच्या दारात कोण येणार होतं?

चहा झाला की निघतो. एक्केचाळीस दारं आहेत. गुडघा ठणठणीत आहे.