पाच नंबरची खुर्ची

नाशिक
आखाजीला बारा दिवस बाकी

ती. भागीअक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. हात दोनदा धुतले, तरी नखांत हिरवा रंग राहिलाच आहे, तेव्हा कागदावर कुठे डाग दिसला तर घाबरू नकोस, मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं तेल लावतेस, की देवळीत ठेवून दिलंस? नांदगावला पाणी किती दिवसांनी येतं? इथे ऊन फार आहे. माझी साखर थोडी वाढली आहे, पण ती खाण्याने नाही, काळजीने वाढली आहे असं माझं मत आहे. (डॉक्टरचं मत वेगळं आहे. यशश्री, तू आजीला पत्र वाचून दाखवशील तेव्हा कंसातलं मोठ्याने वाचू नकोस. कंस मी तुझ्यासाठी घालतो आहे.)

गेल्या आठवड्यात तुझे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. आमचा नातू सनी तुला म्हणाला असेल, आबांच्या मोबाईलला रेंज नाही. रेंज होती, अक्का. मोबाईल माझ्या हातात होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. फोनवर तू पहिलंच विचारणार, "खुर्च्या कशा आहेत?" आणि तिथे मला बोलता येणार नाही. कागदावर निदान घाम पुसायला वेळ मिळतो. तर खुर्च्यांचंच सांगायचं आहे. वाईट आहे, एवढं आधी सांगून ठेवतो.

तू त्या दिल्यास तो दिवस मला चांगला आठवतो. दाजी गेल्यावर दोन वर्षं त्या पाचही लोखंडी खुर्च्या तू घडी घालून माळ्यावर ठेवल्या होत्यास. तू एकेक खाली घेतलीस, पाठीमागून पुसलीस आणि नावावरून बोट फिरवलंस. म्हणालीस, "सावळ्या, बसा, उठा, पावसात ठेवा. पण ह्यांचं नाव राहू दे." मी मान हलवली. मान हलवणं मला पहिल्यापासून जमतं.

ते नाव दाजींनी स्वतः ब्रशने लिहिलेलं. लग्नाकार्यात खुर्च्या गावभर जायच्या, त्या परत घरी याव्यात म्हणून. 'चि. रा. अहिरे, नांदगाव' आणि खाली नंबर. पहिल्याच खुर्चीवर अंदाज चुकला, 'नांदगा' पर्यंत पत्रा संपला आणि 'व' खालच्या ओळीत एकटाच जाऊन बसला, पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा. मग दाजींनी उरलेल्या पाचांवरही तो मुद्दाम खालीच लिहिला. मी विचारलं तर म्हणाले, "एकीचं चुकलं तर सगळ्यांचं चुकू दे. नाहीतर लोक म्हणतील, दोन घरच्या खुर्च्या आहेत." तुला वाचता येत नाही, पण तो खाली बसलेला 'व' तुला लांबून ओळखू येतो, हे मला माहीत आहे. त्यामुळेच तर झोप लागत नाही.

खुर्च्या आणल्या तेव्हाचा प्रवास तुला सांगितलाच नाही. टेम्पोत पुढे बसायला जागा नव्हती, म्हणून मी मागे, दाजींचीच एक खुर्ची उघडून तिच्यावर बसून आलो. नाशिकच्या द्वारका चौकात टेम्पो तासभर अडकला. चारी बाजूंनी गाड्या आणि मधोमध उघड्या टेम्पोत मी खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, भाषणाला उभं राहायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा. एका रिक्षावाल्याने विचारलं, "बाबा, कोणत्या पक्षाकडून?" मी म्हणालो, बहिणीकडून. तेवढा शेवटचा अभिमानाचा तास म्हणायचा.

आता या खुर्च्या लागत कशाला होत्या, तर आपल्या रोहिणीसाठी. सूनबाईने घरामागच्या मोकळ्या जागेत गावाकडच्यासारखी बाग केली आहे. आपण ज्या वस्तू लाज वाटते म्हणून गावी टाकून आलो, त्या सगळ्या तिने पैसे देऊन परत आणल्या आहेत. गाडीचं चाक आहे, फुटका रांजण आहे, पाटा आहे पण वरवंटा नाही. तिला खुर्च्या जुन्या, रंग उडालेल्या, तशाच हव्या होत्या. कामावर जाताना ती मला एवढंच म्हणाली, "आबा, जरा धूळ पुसून ठेवाल का?"

आणि मी फडकं घेऊन बसलोही होतो. पण सीटच्या कडेला गंज दिसला. अक्का, मी बत्तीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये पत्रे घासले आहेत. गंज दिसला की माझे हात मला विचारत नाहीत. वेल्डिंगवाल्याकडून तारेचा ब्रश लावलेला ग्राइंडर मागून आणला. आमचे हिरामण उस्ताद शिकवायचे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून सुरुवात करायची; दिसती बाजू कुणीही साफ करतो. म्हणून मी पाचही खुर्च्या रांगेने पालथ्या घातल्या आणि पाठीकडून सुरुवात केली. धूळ जाते म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला होता. काम काय सुंदर चाललं होतं! पत्रा चांदीसारखा निघत होता. चौथ्या खुर्चीवर असताना रोहिणी फाटकातून हात हलवत आली. मला वाटलं, काम बघून खूश झाली. मीही हात हलवला आणि आणखी जोरात घासलं. ग्राइंडर बंद झाला तेव्हा कळलं, ती "आबा, नाव! नाव!" म्हणून ओरडत होती.

चष्मा लावला. एक, दोन, तीन, चार, चारी पाठी कोऱ्या. सहा नंबर तेवढी राहिली होती. मी ती पोटाशी धरून सावलीत नेली. तिच्यावर धुरळा बसला होता, नाव नीट दिसावं म्हणून हलकेच, अगदी तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं पुसलं. पण फडकं थिनरचं होतं. दाजींचं नाव माझ्या डोळ्यांदेखत फडक्यावर आलं. ते फडकं मी ठेवलं आहे. (यशश्री, इथे थोडं थांब, आजीला पाणी दे.)

रोहिणीने ग्राइंडरची वायर काढून गुंडाळून ठेवली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. पुढचं मी घाबरून केलं. उघडा पत्रा दोन दिवसांत गंजतो, म्हणून रेड ऑक्साइड मारला आणि वर रंग. दुकानात शेवाळी मागितला होता, झाकण उघडलं तर पोपटी निघाला. बदलायला जायचं तोंड नव्हतं. आता सगळी बाग मातकट आणि मधोमध पाच पोपटी खुर्च्या. शेजारच्या लताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सावळीरामभाऊ, बालवाडी काढली का?"

मग मी नाव स्वतः लिहायचं ठरवलं. तुझ्यापासून लपवायचं मनात होतं, खोटं कशाला बोलू? शिक्षण माझं चौथीपर्यंत, पण अक्षर बरं आहे. पट्टीने रेघ मारून, श्वास रोखून लिहिलं. पत्रा पुरला. 'व' त्याच ओळीत बरोबर बसला. अक्का, तो बरोबर बसलेला 'व' बघून मला रडू आलं. दुसऱ्या खुर्चीवर मुद्दाम खाली लिहिला, तर तो चुकून गेल्यासारखा दिसेना, मुद्दाम गेल्यासारखाच दिसला. दोन्ही पुसून टाकले. आता पाचही पाठी पोपटी आणि मुक्या आहेत.

आखाजीच्या सणाला तू माहेरी म्हणून माझ्याकडे येतेस, यंदाही ये. आई-बापांमागे तुझं माहेर मीच, आणि मी हा असा. तू त्या खुर्च्यांवर बसणार नसशील तर मी चटई टाकीन. मांडे रोहिणी करणार आहे. तू नुसती ये, मला काय बोलायचं ते बोल, पण फाटकातून परत फिरू नकोस.

तुझा, वयाने एकाहत्तर पण तुझ्यापुढे अजून कान धरून उभा असलेला,
सावळीराम

ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. खुर्च्या मुळात सहा होत्या. पाच नंबर माझ्या लग्नात हरवली, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. दाजी चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात, अक्षता टाकायच्या आधी, खुर्च्यांच्या पाठी बघत हिंडायचे, पण मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणजे सहाच्या सहा माझ्याच हातून गेल्या. पण अक्का, पाच नंबर माझ्या तावडीतून सुटली म्हणूनच तिच्यावर दाजींचं अक्षर अजून असेल. तू त्या दिवशी मांडवातच होतीस. तिच्यावर शेवटी कोण बसलं होतं, आठव. वाजंत्रीवाले, आचारी, की नवरीच्या, म्हणजे आमच्या फुलाबाईंच्या, माहेरची ती जाड मंडळी? गावाचं नाव सांग, मी उद्याच जातो.

ता. क. २ : परवा एका लग्नाला हरसूलला गेलो होतो. हल्ली मांडवात सगळ्या प्लास्टिकच्याच खुर्च्या. लोखंडी एकच होती, आचाऱ्याजवळ, तिच्यावर कोंडाजी नावाचे एक म्हातारे पाहुणे वांगी चिरत बसले होते. मी त्यांना उठवून खुर्ची पालथी केली. ते म्हणाले, "काय हरवलं बाबा, आंगठी?" मी म्हणालो, दाजी. त्यांनी मला बसवून पाणी पाजलं. नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

ता. क. ३ : यशश्री, हे कंसात नाही, पण तुझ्यासाठीच आहे. वाचून झाल्यावर आजी गप्प बसली तर मला लगेच फोन कर. मी उचलतो. शिव्या देत असेल तर फोन तिच्याच हातात दे, म्हणजे सगळं ठीक आहे.