शेवटचं ताट

प्रिय इंद्रनील,

तुम्ही येऊ नका फादर, तिथूनच विद्यापीठ सांभाळा, इथे मी आहे ना, हा तुझा निरोप मी पुन्हापुन्हा वाचला. उत्तराला मात्र आठवडा लावला. नेटवर्कवर खापर फोडता आलं असतं, पण नेटवर्क सुदानचं खराब आहे, ऑकलंडचं नाही.

इथे मी मजेत आहे. लिहितानाही लाज वाटते. भाचीच्या, सानिकाच्या, दृढीकरण संस्कारासाठी बहिणीकडे, मधूकडे, इथे हिल्सबरोला आलो काय, मागे सुदानमध्ये युद्ध पेटलं काय आणि आपल्याजवळचा विमानतळ बंद झाला काय! तेव्हापासून तुमचा कुलगुरू मधूच्या गॅरेजमधून विद्यापीठ चालवतोय. मीटिंगआधी मी कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे वळवतो, म्हणजे वाळत घातलेले टॉग्ज, इथले पोहायचे कपडे, आणि सानिकाच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, तुम्हाला दिसणार नाहीत. वसतिगृहात अडकलेल्या पोरांना वाटत असेल, फादरही आपल्यासारखेच कुठल्या तरी तळघरात बसलेत. तसं वाटू द्यायला मला बरं वाटतं, याचाच संताप येतो.

परवा तू म्हणालास, पीठ संपत आलंय, वर्गातल्या बाकांचं सरपण केलंय. मी गंभीरपणे मान हलवून योग्य निर्णय म्हणालो. काय पण कुलगुरू! मग घरात गेलो तर मधूने बोंबलाचं कालवण वाढून ठेवलेलं. घरात धर्मगुरू असला की पहिलं ताट त्याचं, ही आमच्या वसईच्या घरची रीत. आणि आपल्या मेसची रीत तुला ठाऊकच आहे. शेवटच्या विद्यार्थ्याला वाढून झाल्याशिवाय कुलगुरूने जेवायचं नाही. मीच ती मोठ्या ऐटीत सुरू केली होती. हल्ली इंद्रनील सर शेवटी जेवतात आणि बरेचदा काही उरतच नाही, हे मला एका मुलीकडून कळलं. तू बोलला नाहीस.

भारतीयांना न्यायला जहाज आलं तेव्हा त्यात तुझी जागा होती. तुझी सुमेधा तुमच्या लेकीला घेऊन पुण्याहून तुला उतरवून घ्यायला निघणार होती. फादर नाहीत, पोरांना कुणाच्या हवाली करू, असं म्हणून तू थांबलास. तिनेच फोन करून मला सांगितलं. रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. व्रत मी घेतलं होतं इंद्रनील, तू नाही.

पोर्ट सुदानला मात्र विमानं जातात, तिथून आपल्या गावापर्यंत बस येते, हे मला महिनाभर माहीत आहे. रोज तिकिटाचं पान उघडतो आणि बंद करतो. मधू बीपीच्या गोळ्या पुढे करून कुठे जायचं नाही म्हणते, आणि मी लगेच ऐकतो. एरवी मी कुणाचं ऐकतो का, सांग. त्यात तुझा निरोप आला आणि मला आनंद झाला. खरंच झाला. अगदी सुटल्यासारखं वाटलं. त्या आनंदाची मला भीती वाटली, म्हणून हे पत्र.

तिकीट काढलंय, मंगळवारी निघतो. मधू बोलत नाहीये माझ्याशी. मी पोचलो की परतीच्या बसने तू निघायचंस. सुमेधाला तसं कळवून टाकलंय, तेव्हा वाद घालायला जाऊ नकोस. फक्त एक कर. मी येईन त्या दिवशी पोरांना मी वाढीन, मग तू माझ्यासमोर बसून पोटभर जेव. माझं ताट शेवटी.

तुझाच,
फादर जॉकीम