भिंतीवरच्या आईचे डोळे

बाबा,

तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत तुमच्याशी दोन शब्द बोलावेत असं मला कधी वाटलं नाही. आज वाटतंय, कारण आज तुमचा मनापासून राग आला आहे. मेलेल्या माणसावर रागावण्यात एक सोय असते, तो उलटून बोलत नाही. जिवंतपणी तुमच्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप होती?

तुमच्या नातवाला, माझ्या मुलाला, सध्या घराण्याची वंशावळ करायचं वेड लागलंय. नरखेडच्या तहसिलीत खेटे घालून त्याने जमिनीचे जुने उतारे काढले. तुमच्या पणजोबांपर्यंत सगळे पुरुष सापडले. बायका कुठेच नाहीत, जणू हे पुरुष एकमेकांच्याच पोटी जन्मले. आता त्याला प्रत्येक नावाखाली फोटो हवा आहे. ते काम माझ्याकडे आलं म्हणून मी तुमची पेटी उघडली. तुमचे फोटो केवढे! महाराजबागेत, फुटाळा तलावाच्या काठी सायकल धरून, कचेरीच्या निरोपसमारंभात पहिल्या रांगेत. आई मात्र एकाही फोटोत नाही. तिचा एकच फोटो, तोच तो भिंतीवरचा. मी वर्षाची असताना ती गेली, माझ्यासाठी आई म्हणजे तो फोटोच.

तो तुम्ही स्वयंपाकघरात लावला होता, साखरेच्या डब्याच्या बरोबर वर. मी सात-आठ वर्षांची आहे, दुधाचं पातेलं रिकामं आहे, आणि तुम्ही माझा कान धरून मला फोटोसमोर उभं करता. "आईच्या डोळ्यांत पाहून सांग." ते डोळे मोठे, सरळ, थेट माझ्यावर रोखलेले. दूध मांजरीने प्यायलं होतं. पण त्या डोळ्यांत पाहून मला नाही म्हणवेना. मीच प्यायले म्हणून सांगितलं आणि मार खाल्ला. त्यानंतर आई म्हटलं की मला मायाबिया कधी आठवली नाही, भीतीच वाटली. आणि माझ्या लग्नात तुम्ही तोच फोटो नवी फ्रेम करून दिलात. म्हणालात, "आई सोबत देतो." भलताच आहेर!

तेव्हापासून तो माझ्या घरात आहे. माझी नात तीन वर्षांची झाली तरी तिचा डावा डोळा कानाकडेच वळतो. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला तिरळेपणा आहे का? सून काही बोलायच्या आत मी म्हणाले, आमच्याकडे कोणालाच नाही. घरी आल्यावर फोटोकडे बोट दाखवून तिला ऐकवलं, "आमच्या खानदानाचे डोळे बघ जरा." बिचारी रडकुंडीला आली. सावनेरला, सुनेच्या माहेरी, तिच्या आईने मामा-काकांचे जुने अल्बम काढून एकेकाचे डोळे तपासले. मला त्याची थोडी मजाच वाटली, खोटं कशाला बोलू.

मागच्या आठवड्यात मावशीकडे गेले, काही फोटोंतली माणसं ओळखून घ्यायला. आईची धाकटी बहीण, आता ऐंशीची. एसटीतून उतरून संत्र्यांच्या बागेतून चालत जावं लागतं. तिने बाकीचे चेहरे पटापट सांगितले. आईचा फोटो हातात घेतला आणि त्यातल्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

"हे आमची बाईच हाय, माही मोठी बहीन. पन हे डोये तिचे नोहोत."

"म्हणजे?"

"चकनी होती वं ते. एक डोया तुह्याकडं, तं दुसरा येगळीकडंच. तुले कोनी सांगतलं नाही?"

मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही मुलगी पाहायला आलात तेव्हा आईला मान खाली घालून बसवलं होतं. अंतरपाट निघाला तेव्हा तुम्हाला कळलं. तुमची फसवणूक झाली, कबूल. पण ती तुमच्या सासऱ्याने केली होती, आईने नाही. नंतर तुम्ही तिला ना कधी फोटोच्या दुकानात नेलंत, ना बागेत, ना कचेरीच्या कार्यक्रमाला. आणि तापाने ती गेली, तर तिरडी बांधायच्या आधी फोटोवाल्याला घरी बोलावलंत.

"मी इचारलं, आता काहून बलावता? तं म्हने, आता बरी दिसून राहिली." मावशी पदराने नाक पुसते. "भितीले टेकवून बसवलं. मान पडे, म्हनून मांगून लुगड्याआड मी धरून बसली. डोये मंग त्या फोटोवाल्यानं रंगवले."

घरी येऊन मी भिंग लावून पाहिलं. मानेजवळची पदराची घडी ही घडी नाही. ती मावशीची बोटं आहेत.

म्हणजे बाबा, बायकोने डोळे मिटले तेव्हा ती तुम्हाला चालली. तिच्या प्रेताच्या फोटोवर परक्या माणसाच्या ब्रशने सरळ डोळे रंगवून घेतलेत, आणि त्या डोळ्यांत पाहून तुमच्या पोरीने खरं बोलायचं! तुम्हाला लाज नाही वाटली? पाषाणहृदयी म्हणतात ते तुम्हालाच. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

हा कागद त्या फ्रेमच्याच मागे खोचायचा विचार होता. पण सून दर शनिवारी फ्रेम उतरवून पुसते, तिच्या हाती लागेल. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. मावशीलाही बजावून आले आहे की, आमच्या घरी फोन केलास तर हे काढू नकोस. तेव्हा हे लिहून झालं की फाडून टाकणार.

काल मुलाने वंशावळीसाठी सगळे फोटो मागितले. आईचा होता तसाच दिला. नातीचे मोबाइलमध्ये ढीगभर होते, हसतानाचे, घसरगुंडीवरचे, कॅमेऱ्याकडे जीभ काढलेले. मी तिचा झोपेतला फोटो पाठवला.