धुरी मीच दिली

ऋचा,

मेघनाकाकूंसमोर मला, आपल्या आजीला, "तुला काही समजत नाही" म्हणणं ही कुठली रीत झाली? तोच राग काल माझ्या डोक्यात होता.

तुझ्या खोलीत धुरी आणू नको, हे तू शंभरदा सांगितलं होतं. तरी शनिवारचं धुपाटणं घेऊन मी मुद्दाम आत गेली आणि तू पाळलेल्या त्या पानं शिवणाऱ्या लाल मुंग्यांच्या पेटीच्या जाळीपाशीच धरलं. पाहू तर, काहून चालत नाही!

खूप मेल्या. उरलेल्या पळाल्या नाहीत गं. एकेकीनं तोंडात पांढरं पिल्लू धरून खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, अन् दुसरं आणायला परत त्या धुरात गेली. मी तशीच उभी राहिली.

तू आल्यावर मी म्हटलं, शेजारच्या अनुपमभैयांनी कचरा जाळला असेल, त्याचा धूर आला. तू जाऊन त्यांना नाही नाही ते बोलून आली. मी ओट्यापाशी भाजी निवडून राहिली होती, सगळं ऐकू येत होतं.

आता त्यांच्याकडेच चालली आहे. सकाळीच पेटीत कापसावर मधाचं पाणी ठेवलं आहे, तू ठेवतेस तसं. बाईला आत झाडू मारू दिला नाही, काल तू पेटी उघडली तेव्हा निसटलेल्या काही पडद्यावर जिवंत आहेत.

तुझ्या दाराबाहेरून आत्ताच मोठ्यानं बोलली, पण तू कानात ते घालून बसतेस, म्हणून लिहून ठेवते: "पोरी, तोंडाळपणात तू माझ्यावर गेली आहेस, पण लबाड या घरात मी एकटीच आहे."

आजी