बाबांच्या ट्रकचे सुटे भाग

९ जून, सोमवार

ठरलं. बाबांना कॉम्प्युटर बांधून द्यायचा. तयार नाही, सुटे भाग आणून. ट्रक चालवायचा तो खेळ नीट चालेल असा तयार कॉम्प्युटर मला परवडत नाही. बाराशे डॉलर — त्याच्या वर जायचं नाही. स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं त्यातच.

लायब्ररीत हीनीला सांगितलं. ती माझ्याच टेबलाला काम करते, अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आणि रोज संध्याकाळी तिघी बहिणींबरोबर ऑनलाइन लढाया खेळते. म्हणाली, "वडिलांवर एवढा जीव! माझ्या पोरी मला वाढदिवसाला मोजे देतात गं."

मी हसले. जीव कसला!

निदान इथे तरी लिहावं. दोन महिने या वहीतसुद्धा ते वाक्य टाळतेय. एप्रिलमध्ये लायसन्स ऑफिसला पत्र मी लिहिलं. मी! बाबांना वाटतं तसं समोरच्या नेव्हकाकांनी नाही.

१० जून, मंगळवार

काल तेवढं एक वाक्य लिहिलं आणि वही मिटली. आज पुढचं.

ईस्टरनंतरच्या रविवारी बाबांच्या शेजारी बसून येत होते. चौकात त्यांनी गाडी सरळ पुढे घातली, एका बसच्या समोर. बसवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचलो. "दिसली होती मला," बाबा म्हणाले. दिसली नव्हती. तोंडावर सांगायची छाती झाली नाही. एकेचाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेल्या माणसाला काय सांगणार! घरी येऊन लायसन्स ऑफिसला पत्र लिहिलं — बाबांचं गाडी चालवणं एकदा तपासा. नाव गुप्त ठेवा, असंही लिहिलं.

कुणाचं तरी पत्र आलंय म्हणत ऑफिसनं बाबांकडे डॉक्टरचा कागद मागितला आणि रस्त्यावरची परीक्षा द्या म्हणून कळवलं. त्याच आठवड्यात नेव्हकाका चेष्टेत बाबांना म्हणाले होते, "युअन, तुझ्या शेजारी बसायचं तर आधी मृत्युपत्र करायला हवं!" बाबांनी लगेच सांगड घातली — पत्र नेव्हचंच. एकाच टँकरवर दोघांनी वीस वर्षं काढलीत — दिवसा बाबा, रात्री नेव्हकाका. समोरासमोर घरं. "नेव्हलाच माझा भरवसा नसेल तर परीक्षा कुणाला द्यायची?" म्हणाले, आणि लायसन्स पोस्टानं परत पाठवून दिलं. परीक्षा दिलीच नाही.

तेव्हापासून काकांशी एक शब्द नाही.

१२ जून, गुरुवार

हीनीनं जेवणाच्या सुट्टीत यादी करून दिली. मी पाव खात होते, ती हुकूम सोडत होती.

"पॉवर सप्लाय स्वस्तातला घेऊ नको. तो गेला तर बाकीच्यांना घेऊन जातो. रॅमची एक मोठी पट्टी नको, दोन लहान घे — दोघींनी धरली की चादरीची घडी पटकन होते ना, तसं. डबा कसलाही चालेल."

"दिवे लागणारा नको. बाबा म्हणतील, जत्रा आणलीस."

"बरं. आणि प्रोसेसर असा घे, ज्याच्या स्वतःच्या पोटात थोडं चित्र दाखवायची ताकद आहे. उद्या ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर निदान पडदा काळा पडणार नाही. खेळ मात्र त्याच्यावर चालणार नाही हं! खेळायला कार्डच. कार्ड जुनं घे, पण माणूस बघून घे."

हातात यादी असली की आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटतं. घरी आल्यावर तीनदा वाचली.

१४ जून, शनिवार

मदरबोर्ड आणि प्रोसेसर आले. बाबांना फोन केला नाही.

२१ जून, शनिवार

इन्व्हरकार्गिल शहरात जाऊन जुनं कार्ड आणलं. विकणारी बाई नर्स. पोट हे एवढं! "जुळी आहेत. आता मी कसली खेळतेय!"

हीनीनं विचारायला सांगितलं होतं, म्हणून विचारलं — क्रिप्टो म्हणतात ती ऑनलाइन नाणी खणायला दिवसरात्र राबवलेलं कार्ड नाही ना?

"दिवसरात्र मी राबलेय बाई, कार्ड नाही," ती म्हणाली. तिनं लावून, चालवून दाखवलं. वीस डॉलर कमीही केले. वडिलांसाठी आहे म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले. मला तिथून कधी एकदा निघते असं झालं.

२२ जून, रविवार

बाबांकडे जाताना नेव्हकाकांनी त्यांच्या फाटकाशी गाठलं. इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, गवतावर अजून पांढरं दहिवर होतं आणि हे स्लिपरवर!

"पोरी, मी काय केलं गं?"

"काही नाही, काका."

"मग त्याला सांग ना. तुझं ऐकेल तो. मी पत्रबित्र लिहीन का? मला तर नाताळची कार्डंसुद्धा ही होती तेव्हा हीच लिहून द्यायची."

"सांगते," म्हटलं. सांगते!

त्यांनी फॉइलमध्ये गुंडाळलेले गरम चीज रोल हातात दिले. "तुझे म्हणून दे. माझं नाव काढलंस तर कोंबड्यांना घालेल."

बाबांनी चार खाल्ले. "बरे जमलेत तुला," म्हणाले. मग हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. "नेव्ह असेच करायचा." मी सिंकचा नळ सोडला. जरुरीपेक्षा मोठा सोडला.

२८ जून, शनिवार

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर बांधला. हीनी खिशात हात घालून बसली होती. "तूच कर. मी फक्त ओरडणार." प्रोसेसरवरची दांडी खाली दाबताना कट्कन आवाज आला — मला वाटलं, गेले सगळे पैसे! हीनी हसून हसून लाल. प्रोसेसर थंड ठेवायला वाटाण्याएवढी पेस्ट, त्यावर पंखा. दोन पट्ट्या. कार्ड शेवटी.

पहिल्या झटक्यात सुरू झाला. आम्ही दोघी टेबलाभोवती नाचलो. खेळ लावून पाहिला — लोण्यासारखा!

तासभर तरी मला काहीच आठवत नव्हतं.

२९ जून, रविवार

कॉम्प्युटर बाबांकडे नेला. मागच्या वायरी मी एकटीनं जोडल्या. बाबा दारात उभे. "हे काय आता?" पण स्टिअरिंग पाहिलं आणि बोलायचे थांबले. खुर्ची पुढेमागे केली. वरच्या आरशाकडे हात गेला — तिथे आरसा नव्हता. हात तसाच खाली आणला.

इंग्लंडातले रस्ते लावून दिले, म्हणजे आपल्यासारखं डाव्या बाजूनं. पहिल्याच वळणावर ट्रक कुंपणात. मग दुभाजकावर. मग आडवा. "मी वळवतोय गं, पण हा विचार करून वळतोय."

आणि मला — आता खरं लिहायचंच तर — मला हायसं वाटलं. बघा! मी लिहिलं ते उगाच नव्हतं लिहिलं. ते ओठ घट्ट मिटून पुन्हा पुन्हा ट्रक सरळ करत होते आणि मी मागे उभी राहून आत कुठेतरी सुखावत होते.

कसली मुलगी आहे मी!

३ जुलै, गुरुवार

बाबा आज पाच वेळा खड्ड्यात. तरी रोज बसतात.

८ जुलै, मंगळवार

हीनीनं विचारलं, "कसा चालतोय? अडखळत नाही ना?"

"मस्त!"

अडखळतो. वळणावर चित्र थिजतं, मग एकदम उडी मारतं. माझ्या टेबलावर असं होत नव्हतं हे मला चांगलं माहीत आहे. हीनीला सांगितलं तर ती पाच मिनिटांत येऊन बघेल. म्हणूनच सांगत नाहीये. बाबा धडपडतायत तोवर माझं पत्र खरं आहे.

हे लिहून झाल्यावर पान फाडावंसं वाटलं. नाही फाडत. राहू दे डोळ्यांसमोर.

१३ जुलै, रविवार

नेव्हकाकांच्या फाटकावर घर विकण्याची पाटी लागली. लांब नेल्सनला मुलीकडे जाणार, महिनाअखेरीला. मला म्हणाले, "इथे काय ठेवलंय आता? खिडकी उघडली की तो पडदा ओढतो."

बाबांनी पाटी पाहिली. बराच वेळ पाहिली. "जाऊ दे. चुगलखोराला सगळी गावं सारखीच."

मी तिथेच कप विसळत होते. "बाबा" एवढंच म्हटलं. "काय?" त्यांनी विचारलं. "साखर संपलीय," म्हणाले मी.

१९ जुलै, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

मी पोचले तेव्हा बाबा टेबलाच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. ऐंशीला एक वर्ष कमी असलेला माणूस! हात कॉम्प्युटरच्या पाठीवर ठेवून डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली.

"गप. हात लाव इथे," म्हणाले. "वर गरम वारा येतोय. आला ना? आता खाली, या जाड भागाच्या तोंडाशी."

गार होतं.

"अर्धा तास चढ-उतारावर ट्रक पळवतोय. घाट उतरून आलं की आम्ही थांबायचो आणि टँकरभोवती एक फेरी मारायचो, प्रत्येक चाकाजवळ हात धरून. सगळी चाकं तापलेली असली पाहिजेत. जे गार, त्याचा ब्रेक लागतच नाहीये. बाकीची त्याचं ओझं ओढतायत." कार्डावर टिचकी मारली. "हा तुझा महागातला भाग बसून खातोय, आयोना. काम करतच नाहीये."

मी हीनीला मागच्या बाजूचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "अगं बये! पडद्याची वायर वरच्या भोकात घातलीस! ते मदरबोर्डचं. सगळा खेळ प्रोसेसरच्या पोटातल्या त्या चिमूटभर ताकदीवर चाललाय. खाली कार्डात घाल. सगळेच एकदा तरी करतात ही चूक, पण तीन आठवडे? मस्त चालतोय म्हणालीस ना मला?"

वायर चार बोटं खाली घातली. एवढंच.

मग बाबांनी ट्रक चालवला. लीड्सपासून समुद्रापर्यंत, सव्वा तास. एक ओरखडा नाही. अरुंद गल्लीत उलटा घेतला — पहिल्या झटक्यात! उतरताना गिअर असे टाकत होते की मी दहा वर्षांची होऊन टँकरच्या केबिनमध्ये बसले आहे असं वाटलं. शेवटी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो तर. मला वाटायला लागलं होतं की नेव्हचंच खरं."

मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

२० जुलै, रविवार

सांगितलं.

किती दिवस वाक्यं जुळवत होते. प्रत्यक्षात एकच निघालं — "बाबा, ते पत्र माझं होतं."

ते पाव भाजत होते. टोस्टर टक्कन वाजला. त्यांनी पाव काढले, लोणी लावलं, दोन्ही तुकड्यांना, कडेपर्यंत. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर!

"पत्राचं सोड," म्हणाले. "घाबरली असशील. पण मी त्याला काय काय बोलत होतो, ते तू इथे बसून ऐकत होतीस. चहा पीत."

खरंच चहा पीत होते.

बाबांनी टोपी घातली. पाव तसेच. रस्ता ओलांडला, समोरचं दार वाजवलं. काकांनी उघडलं. मग काकांचा आवाज इथपर्यंत आला — "आत ये मेल्या, थंडी घुसतेय!"

मी पाव झाकून ठेवले आणि घरी आले.

२१ जुलै, सोमवार

बाबांनी फोन उचलला नाही. हीनीला सगळं सांगितलं. ती एकही विनोद करत नाही म्हटल्यावर कळलं, किती वाईट आहे ते.

२७ जुलै, रविवार

बाबांकडे गेले होते. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या लागल्यात. बाबा चालवतात, काका शेजारी बसून शिव्या देतात. "अरे, तो मेंढ्यांचा ट्रक आहे, वरातीची गाडी नाही!" मला बसायला सांगितलं. अगदी सभ्यपणे — पाहुण्याला सांगतात तसं.

काकांची पाटी अजून फाटकावर आहे, पण नेल्सनचं त्यांनी पुढे ढकललंय. निघताना हळूच म्हणाले, "परीक्षेसाठी त्याचं नाव मीच घातलंय. एवढं चालवतोय, पास होईल बघ."

बाबा पास व्हावेत. माझंच चुकलेलं ठरावं. मनापासून लिहितेय. मग निदान काहीतरी त्यांना परत देता येईल.

१४ ऑगस्ट, गुरुवार

परीक्षा झाली. नेव्हकाकांचा फोन. "नापास, पोरी. गिअर, ब्रेक सगळं उत्तम, पण डावी-उजवीकडून येणारं त्याला दिसतच नाही. तीनदा चुकला. पडद्यावर सगळं समोरच असतं ना! तुझं बरोबर होतं."

बाबा तिथेच शेजारी होते. कपात चमचा फिरवल्याचा आवाज येत होता. "देऊ का त्याला फोन?" काकांनी विचारलं. चमचा थांबला नाही. बाबा फोनवर आले नाहीत.